कुजक्या लाकडावरचे इवले पेले

पावसाळ्यात परसदारी एखादा जुना ओंडका पडलेला असावा, एका रात्रीत त्याच्यावर छत्र्या उगवाव्यात आणि घरातल्या वडीलधाऱ्यांनी "हात लावू नका रे, कुत्र्याच्या छत्र्या आहेत त्या!" म्हणून पोरांना दटावावे, हा प्रसंग आपणांपैकी पुष्कळांच्या बालपणी घडलेला असतो. छत्री आपण सगळेच ओळखतो. कोकणातला माणूस तर अळंबी ओळखतो, चवीने खातो आणि ती कोणत्या वारुळापाशी उगवते हे सख्ख्या भावालाही सांगत नाही. परंतु त्याच ओंडक्याच्या खालच्या, ओलसर अंगाला छत्रीच्या अगदी उलट घडणीचे काहीतरी बसलेले असते. तिकडे ना पोरांचे लक्ष जाते, ना वडीलधाऱ्यांचे. तांदळाच्या कणीएवढी, मुगाएवढी, फार झाले तर रुपयाएवढी ही इवली भांडी वर तोंड करून बसलेली असतात. कुणी पणतीसारखे खोलगट, कुणी देठावर उभे, कुणी नुसते बशीसारखे पसरट. रंग म्हणाल तर पांढरा, लिंबासारखा पिवळा, शेंदरी, राखाडी आणि क्वचित मोरचुदासारखा निळाहिरवा.

ही पेल्यांची बुरशी. खरी बुरशी लाकडाच्या आत असते. डोळ्यांना न दिसणाऱ्या तंतूंनी ती लाकूड पोखरीत, पचवीत बसलेली असते. बाहेर दिसतो तो पेला म्हणजे तिचे फळ. आंब्याचे झाड जमिनीखाली गडप असावे आणि नुसते आंबे वर यावेत, तसा हा प्रकार.

आता अशा पेल्याला 'एक बुरशी' म्हणून सोडून दिले, तर कुणाचे काही अडत नाही. पण याचे नाव काय, हा प्रश्न एकदा मनात शिरला की माणूस चांगलाच गुंतत जातो. आणि अडत नाही हे तरी पूर्ण खरे कुठे आहे? एका इवल्या पांढऱ्या पेल्याचे खरे नाव कोणते, या प्रश्नाशी युरोपातल्या कोट्यवधी झाडांचे दैव जोडलेले होते, अशी हकीकत अलीकडेच घडून गेली आहे. ती पुढे सांगतोच. आधी पेल्यांशी थोडी जानपछान करून घेऊ.

पेल्याच्या आत काय असते?

पेल्याची आतली बाजू साध्या डोळ्यांना गुळगुळीत दिसते. वस्तऱ्याच्या पात्याने तिची अगदी पातळ चकती कापून, पाण्याच्या थेंबात ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली की निराळेच दृश्य दिसते. मखमलीचे तंतू जसे एकमेकांना खेटून उभे असतात, तशा लाखो बारीक नळ्या तिथे उभ्या असतात. प्रत्येक नळीत बहुधा आठ दाणे, एखाद्या शेंगेत असावेत तसे, ओळीने बसलेले. हे दाणे म्हणजे बुरशीचे बी. शास्त्रीय भाषेत बीजुके. मधूनमधून नुसतेच धागेही असतात, ते नळ्यांना सांभाळतात.

नळी पिकली की तिच्यातला दाब वाढतो आणि आठही बीजुके तोफेच्या गोळ्यासारखी बाहेर फेकली जातात. एकेकटे बीजुक इतके हलके असते की काही मिलिमीटर अंतरातच हवा त्याला अडवते. परंतु हजारो नळ्या एकाच क्षणी सुटल्या, तर त्यांच्या रेट्याने हवाच हलते, लहानसा वारा सुटतो आणि त्या वाऱ्यावर बसून बीजुके दहा दहा सेंटिमीटर वर जातात. याचे गणित शास्त्रज्ञांनी २०१० मध्ये मांडून दाखवले. पण ते दृश्य पाहायला गणित लागत नाही. डबीत झाकून ठेवलेला मोठा पेला एकदम उघडावा, किंवा त्याच्यावर हलकीच फुंकर घालावी. क्षणभर काही होत नाही आणि मग पेल्यातून धुराची पुडी सुटल्यासारखे होते. आमच्या मते मुलांना दाखवण्यासारखा हा सर्वांत स्वस्त दारूकामाचा प्रकार आहे. शिवाय बोटे भाजत नाहीत!

मुख्यतः टेक्सासमध्ये आणि थेट जपानमध्ये, अशा दोन टोकांना आढळणारी एक जात आहे. तिचे फळ आधी चिरुटासारखे बंद असते आणि उमलताना चक्क सूं असा आवाज करते. तिकडच्या लोकांनी तिला 'सैतानाची सिगार' असे नाव दिले आहे. टेक्सासमध्ये ती एका एल्म वृक्षाच्या मेलेल्या खोडावर वाढते, जपानमध्ये ओकच्या. मध्ये सगळा प्रशांत महासागर. असो.

एका लालाचे अनेक लाल

या पेल्यांचा सर्वांत जुना आणि बारीक अभ्यास युरोपात झाला, म्हणून ओळखीचे पहिले धडे तिकडच्या रानातच घ्यावे लागतात. इंग्लंडात हिवाळा सरत आलेला असतो, झाडे निष्पर्ण, जमिनीवर कुजलेल्या पानांचा काळपट चिखल. आणि त्यात, शेवाळाने झाकलेल्या एखाद्या फांदीवर, कुणी कुंकवाचा करंडा उपडा करावा तसा लालभडक पेला दिसतो. दोनतीन सेंटिमीटरपासून चांगला सहासात सेंटिमीटर रुंद. आतून लाल, बाहेरून फिकट आणि किंचित लवदार. शास्त्रीय नाव सार्कोस्किफा. ग्रीक भाषेत 'स्किफस' म्हणजे पेला. हा शब्द पुढे पुन्हा भेटणार आहे.

इतका ठसठशीत पेला ओळखायला काय कठीण? पुस्तकात चित्र पाहावे आणि 'कोक्सिनिया', म्हणजे किरमिजी, असे नाव लिहून मोकळे व्हावे. दीडदोनशे वर्षे लोकांनी हेच केले. १९८४ मध्ये जर्मनीतल्या हान्स-ओट्टो बाराल या अभ्यासकाने दाखवून दिले की युरोपात एका नावाखाली निरनिराळ्या जाती नांदत आहेत. रंगाने, आकाराने एकमेकींच्या जुळ्या बहिणी. फरक आहे तो पेल्याच्या बाहेरच्या बारीक केसांत आणि बीजुकांत. खऱ्या 'कोक्सिनिया'चे केस सरळ किंवा थोडे वळलेले असतात आणि बीजुकांची टोके गोलसर. तिच्या 'ऑस्ट्रियाका' नावाच्या बहिणीचे केस बाटलीचे बूच काढायच्या स्क्रूसारखे पीळदार आणि बीजुकांची टोके चेपल्यासारखी. मग लोकांनी आपापल्या संग्रहातली पाकिटे काढून पुन्हा पाहायला सुरुवात केली. ब्रिटनमध्ये तर असे आढळले की ज्याला सगळे 'कोक्सिनिया' म्हणत होते तो बहुतेक ठिकाणी 'ऑस्ट्रियाका'च आहे!

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. पक्षी ओळखताना रंग, चोच, शीळ यांवर काम भागते. फुलाच्या पाकळ्या मोजता येतात. पेल्यांच्या बाबतीत रंग हा सर्वांत आधी दिसणारा आणि सर्वांत कमी भरवशाचा साक्षीदार. तो ओलाव्याने बदलतो, वयाने बदलतो, उन्हाने उडतो. आणि तोच रंग एकमेकांशी दूरचेही नाते नसलेल्या दहा जातींत असू शकतो.

रंगापलीकडे पाहण्याची वाट ज्यांनी घालून दिली, त्यांत एमिल बूद्ये या फ्रेंच गृहस्थांचे नाव मोठे आहे. हे पॅरिसजवळच्या मोंमोरांसी गावचे औषधविक्रेते. दुकान सांभाळून उरलेल्या वेळात त्यांनी बुरश्यांचा अभ्यास केला आणि अप्रतिम रंगीत चित्रे काढली. पिकलेली नळी उघडते कशी, एवढे एकच ते निरखून पाहत बसले. काही नळ्यांच्या टोकाला डबीसारखे झाकण असते आणि ते टक्कन उघडते; काहींना झाकणच नसते, नुसते बारीक भोक पडते. १८८५ साली त्यांनी मांसल पेल्यांची सगळी विभागणी या झाकणावर उभी केली. ती पायाभूत ठरली. झाकणाच्या टोळीत बहुतेक मोठे पेले, बिनझाकणाच्या टोळीत लाकडावरचा बहुतेक बारीकसारीक परिवार.

दुसरी खूण आयोडिनची. शाळेत बटाट्याच्या फोडीवर आयोडिनचा थेंब टाकून ती निळीकाळी होताना आपण पाहिलेली असते. तोच थेंब येथेही कामी येतो. काही जातींत नळीचे नुसते टोक निळे होते, एखाद्या शाईच्या टिंबाएवढे. काहींत होतच नाही. हे टिंब आहे की नाही, यावर कित्येकदा सारा निवाडा.

हिरवे लाकूड

मोरचुदी रंगाच्या पेल्यांची कहाणी निराळी आहे. युरोपातल्या ओकच्या रानात पडलेली फांदी मोडावी आणि ती आतून सगळी निळीहिरवी निघावी, असे पुष्कळदा होते. हा रंग कुणी फासलेला नसतो. क्लोरोसिबोरिया नावाची बुरशी लाकडाच्या आत राहून तो तयार करते. पेले मात्र क्वचित दिसतात, दोनपाच मिलिमीटरचे, चांदणीच्या तुकड्यांसारखे. त्यांतही दोन जवळच्या जाती. एकीची बीजुके दुसरीपेक्षा लांब. तेवढ्यावरून भेद करायचा.

हा रंग सहसा विटत नाही. पंधराव्या शतकात इटलीतले कारागीर लाकडाचे रंगीबेरंगी तुकडे जडवून भिंतीवर चित्रे उभी करीत. त्या चित्रांतली हिरवी पाने, टेकड्या कशाच्या आहेत हे १९९२ साली तपासले गेले, तेव्हा लाकडात हीच बुरशी निघाली. पाचशे वर्षांनंतरही हिरवी! इंग्लंडमध्ये केंट परगण्यातल्या टनब्रिज गावच्या जडावाच्या पेट्यांतही असे हिरवे ओक वापरीत असत. कुजके लाकूड राजवाड्यात बसल्याचे असे दुसरे उदाहरण आम्हांस तरी ठाऊक नाही.

पापण्यांचे, पिवळे आणि तोतये

बाकीच्यांची ओळख थोडक्यात. ओल्या, चिंब लाकडावर शेंदरी टिकली चिकटवावी आणि तिच्या कडेला काळ्या पापण्या लावाव्यात, तसा दिसतो तो स्कुटेलिनिया. भिंगातून पाहिल्यावर मुले हटकून "डोळा!" म्हणून ओरडतात. परंतु पापण्यांच्या या घराण्यात पुष्कळ जाती आहेत. पापण्यांची लांबी, त्यांची मुळे आणि बीजुकांवरची नक्षी मोजल्याशिवाय पुढे जाता येत नाही. बीच वृक्षाच्या ओंडक्यावर शेकड्यांनी बसणाऱ्या लिंबाच्या रंगाच्या, दोनतीन मिलिमीटरच्या बशा मात्र पुष्कळशा सुरक्षितपणे ओळखता येतात. आणि मोलिसिया नावाच्या राखाडी बशांबद्दल काय सांगावे? घरात एखादा नातेवाईक असतो, ज्याचे नाव काढताच सगळे सुस्कारा सोडतात. पेल्यांच्या अभ्यासकांत ती जागा मोलिसियाची आहे.

तोतयेही आहेत. आपल्याकडे पावसाळ्यात कुंडीतल्या मातीवर, लाकडाच्या ढलप्यांवर, कधी कुजलेल्या शेणावर, बाहेरून तपकिरी आणि आत तीनचार राखाडी अंडी घातलेले चिमणे घरटे दिसते. पेला तर खराच, पण हा आपल्या घराण्यातला नव्हे. हा छत्र्यांचा भाऊबंद. त्याला नळ्या नाहीत, तोफा नाहीत. पावसाचा टपोरा थेंब नेमका त्यात पडला की अंडी उडून हातभर लांब जाऊन पडतात आणि अंड्यांच्या आत बीजुके असतात. एकाने दाब वापरावा, दुसऱ्याने आभाळाकडून काम करून घ्यावे, आणि दोघांनीही भांडे मात्र सारखेच घडवावे, याची मौज वाटते.

घरी काय करावे?

हा नाद खर्चिक नाही. दहापट मोठे दाखवणारे घडीचे भिंग खिशात असावे. पेला लाकडापासून उपटू नये. लाकडाच्या ढलपीसकट कापून घ्यावा. प्लास्टिकच्या पिशवीत तो घामेजून सडतो, म्हणून लहान डबीत शेवाळाच्या तुकड्यासह ठेवावा. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे त्याच वेळी वहीत लिहून ठेवावे: झाड कोणते, फांदी साल असलेली की सोललेली, जमिनीवरची की झाडावरची, ओल किती, तारीख, जागा. 'लाकडावर' एवढेच लिहिणे म्हणजे पाहुण्याचा पत्ता 'मुंबई' एवढाच लिहिण्यासारखे आहे. काही जाती एकाच झाडाच्या लाकडावर येतात आणि झाडाचे नाव ठाऊक असले की अर्धी वाट तिथेच सरते.

पेला ताजा असतानाच पाहावा. हा आग्रह त्याच बारालांनी १९९२ मध्ये मोठा निबंध लिहून धरला. वाळलेल्या पेल्यात पेशी मरतात, तेलाचे थेंब एकमेकांत मिसळतात, रंगद्रव्य विरते. जिवंत नळी आणि मेलेली नळी यांची मापेसुद्धा जुळत नाहीत. संग्रहासाठी वाळवावा जरूर, पण पाहणी उरकल्यावर.

घरातल्या मंडळींची संमती हा वेगळा विषय. आमच्या घरी साबणाच्या जुन्या डबीत ठेवलेल्या फांदीच्या तुकड्याकडे पाहून एकदा प्रश्न आला, "अहो, हे सरपण न्हाणीघरात कशाला?" भिंग हातात दिले. बराच वेळ शांतता होती. मग उत्तर आले, "दिसतंय बाई नाजूक. पण उद्या हे बाहेर गेलं पाहिजे." तेवढी मुदत बीजुके पाहायला पुरते!

आणखी एक सूचना, विशेषतः मुले बरोबर असतील तर. ओळख पटवण्यासाठी चव घेऊन पाहू नये. जो पेला ओळखता येत नाही, त्याच्यापुढे वहीत नुसते कुळाचे नाव लिहून प्रश्नचिन्ह काढावे. मुरलेल्या अभ्यासकांच्या वह्यांतही अशी प्रश्नचिन्हे असतात आणि ती घाईने लिहिलेल्या नावापेक्षा पुष्कळ किमती असतात. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत प्रा. आजरेकरांच्या नावाचा वाळवलेल्या बुरश्यांचा संग्रह आहे. अशा संग्रहातली पाकिटे पुढच्या पिढीचा अभ्यासक पुन्हा उघडतो, ती पूर्वीच्याने प्रामाणिकपणे लिहून ठेवलेले असते म्हणूनच.

नॉरफोकचा कुक आणि आपला पेला

पश्चिम घाटातल्या दाट रानात पावसाळ्यात पडलेल्या फांद्यांवर जो देखणा पेला भेटतो, त्याचे कुळ कुकाइना. उंच देठ, मद्याच्या चषकासारखी घडण, रंग गुलाबी ते शेंदरी. एका जातीच्या बाहेरच्या अंगाला लांब पांढरट केस असतात, दुसरीचे केस आखूड आणि कडेलाच दाटलेले. पावसाचे पाणी साठून हे चषक काठोकाठ भरलेले दिसतात. उष्ण कटिबंधातली सगळी रानेच यांचे घर.

हे नाव मॉर्डेकाय क्युबिट कुक या इंग्रजावरून पडले. याचा जन्म १८२५ मध्ये इंग्लंडच्या पूर्वेकडील नॉरफोक परगण्यात, हॉर्निंग नावाच्या खेड्यात झाला. १८६० पासून वीस वर्षे तो लंडनच्या इंडिया म्यूझियममध्ये होता. हिंदुस्थानातून गेलेले नमुने त्याच्या हातांखालून जात. पुढे तो क्यूच्या प्रसिद्ध वनस्पती उद्यानात गेला आणि बुरश्यांवर त्याने अफाट लिहिले. १८९१ साली कुंट्झे या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने उष्ण प्रदेशातल्या या पेल्यांना त्याचे नाव दिले. म्हणजे आपल्या रानातला सर्वांत सुरेख पेला नॉरफोकच्या एका माणसाच्या नावाने ओळखला जातो. आणि ज्या हकीकतीचे आश्वासन आरंभी दिले होते, तिचा ब्रिटनमधला एक महत्त्वाचा प्रसंगही याच नॉरफोकमध्ये घडला.

पांढऱ्या पेल्याची हकीकत

अ‍ॅश हा युरोपातला मोठा, उपयोगी वृक्ष. कुऱ्हाडी-कुदळींचे दांडे, होडीची वल्ही, जुन्या काळच्या टेनिसच्या रॅकेटी, क्रिकेटचे स्टंप या साऱ्यांना याचेच लाकूड लागे. पान आपल्या कडुनिंबासारखे: मधली एक काडी आणि तिच्या दोन्ही बाजूंना पानोळ्या. शरदात पाने गळतात, पानोळ्या कुजून जातात आणि काड्या जमिनीवर उरतात. पुढल्या उन्हाळ्यात या काड्यांवर दोनचार मिलिमीटरचे पांढरे पेले उगवतात. नाव हायमेनोस्किफस आल्बिडस. यातही तोच 'स्किफस', आणि आल्बिडस म्हणजे पांढरट. १८५१ पासून हा युरोपात ठाऊक होता. काडी कुजवणे हे त्याचे काम. निरुपद्रवी, गरीब, पुस्तकात दोन ओळींचा धनी.

१९९० नंतरच्या वर्षांत पोलंडमध्ये अ‍ॅशची झाडे शेंड्याकडून वाळू लागली. पाने काळवंडत, कोवळ्या फांद्यांवर शंकरपाळ्याच्या आकाराचे डाग पडत, आणि काही वर्षांत झाड खराट्यासारखे उभे राही. रोग शेजारच्या देशांत पसरत गेला. २००६ साली पोलंडच्या कोवाल्स्की यांनी आजारी फांद्यांतून एक बुरशी वेगळी काढून तिला नाव दिले. पण ती होती बुरशीची पेला नसलेली अवस्था. हिचा पेला कोणता? २००९ मध्ये कोवाल्स्की आणि स्वित्झर्लंडचे होल्डेनरीडर यांनी तो शोधून काढला. जमिनीवरच्या काड्यांवरचे पांढरे पेले घेतले, त्यांची बीजुके वाढवली आणि रोगाची तीच बुरशी उगवली. पेले कोणते म्हणून पुस्तकात पाहिले, तर वर्णन तंतोतंत जुळले: आल्बिडस!

येथे सगळे चक्रावले. दीडशे वर्षे गरिबासारखा काड्या कुजवणारा पेला एकाएकी खुनी कसा झाला? हवामान बदलले म्हणून? झाडे दुबळी झाली म्हणून? आणि तो घरचाच असेल, तर बाहेरून येणाऱ्या रोपांना अटकाव करून काय उपयोग? नाव चुकले तर प्रश्नही चुकीचे पडतात आणि उपायही, ते असे.

झुरिकच्या संशोधकांनी मग ठिकठिकाणचे पेले आणून त्यांची आनुवंशिक द्रव्ये ताडून पाहिली. बाहेरून अगदी सारखे दिसणारे ते पेले दोन निराळ्या गटांत पडले. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात त्यांनी दुसऱ्या गटाला स्वतंत्र जात म्हणून जाहीर केले. निरुपद्रवी आल्बिडस आपल्या जागी निर्दोष होता. त्याच्या वेषात दुसराच कुणी वावरत होता. पुढे धागा जपानला पोचला. तिथल्या अ‍ॅशच्या काड्यांवरचा एक पांढरा पेला होसोया यांनी १९९३ मध्येच वेगळ्या नावाखाली नोंदवला होता. पडताळून पाहता तो हाच निघाला. पूर्व आशियातल्या अ‍ॅश वृक्षांशी त्याचे जुने सख्य, तिथे तो झाडाला मारीत नाही; युरोपातल्या झाडांना मात्र त्याची ओळखच नव्हती. २०१४ मध्ये बाराल, झुरिकचे केलो आणि होसोया या तिघांनी मिळून त्याचे नाव कायम केले: हायमेनोस्किफस फ्रॅक्सिनियस. २०१८ मध्ये आनुवंशिक तपासणीने असेही दाखवले की युरोपभर पसरलेली ही सारी प्रजा मुळात जेमतेम दोन आगंतुकांपासून वाढलेली आहे. दोन!

ब्रिटनमध्ये फेब्रुवारी २०१२ मध्ये परदेशातून आलेल्या रोपांच्या एका खेपेत हा रोग सापडला. त्याच वर्षी ऑक्टोबरात नॉरफोकमधल्या अ‍ॅशवेलथॉर्पच्या जुन्या रानात, कुणी न लावलेल्या झाडांवर तो आढळला आणि महिनाअखेरीस अ‍ॅशच्या रोपांच्या आयातीवर बंदी आली. तोवर बीजुके वाऱ्यावर स्वार झालेली होती. आता तिथे आशा आहे ती मोजक्या झाडांवर. आजूबाजूची सगळी वाळत असताना काही थोडी झाडे तग धरतात. त्यांचे बी जमवून नवी पिढी वाढवण्याचे काम चालू आहे.

आणि ओळख? आनुवंशिक तपासणीला प्रयोगशाळा लागते. परंतु दोन्ही पेले बारकाईने पाहिल्यावर सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारी एक खूण सापडली. नवख्या पेल्यात प्रत्येक नळीच्या अगदी बुडाशी, ती जिथून फुटते तिथे, एक इवला आकडा असतो, छत्रीच्या मुठीसारखा वळलेला. जुन्या आल्बिडसच्या नळीला तो नसतो, तिचे बूड साधे असते. मिलिमीटरच्या हजाराव्या भागांत मोजायचा हा आकडा. एक झाडाला मारणारा, दुसरा नुसती काडी कुजवणारा. आणि डोळ्यांना दिसेल असा फरक काय तो एवढाच.

जुन्या आल्बिडसवर मात्र संकट ओढवले आहे. काड्या त्याच, जागा तीच, आणि नवखा दांडगा. डेन्मार्कमध्ये पूर्वी जिथे जिथे आल्बिडस मिळत असे तिथे जाऊन शोध घेतला, त्याचा वृत्तान्त २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. काड्यांवर पांढरे पेले पुष्कळ होते, पण ते नवख्याचे. जुना पेला पाहायचा तर तिकडे आता संग्रहालयातले पाकीट उघडावे लागते. त्यातली वाळलेली काडी काढावी, एक पेला पाण्यात भिजवावा, पातळ चकती कापावी आणि नळीचे बूड साधे आहे ना, ते पाहावे.